कोरा ग्लास

ट्रेव्हीच्या भल्यामोठ्या कारंज्याच्या कडेला पाण्याची एक बारीक धार आहे, तिला प्रेमिकांची धार म्हणतात. दूर निघालेल्या माणसाला कोऱ्या ग्लासातून ते पाणी पाजायचं आणि ग्लास तिथंच फोडायचा. माणूस हमखास परत येतो म्हणतात.

म्हाताऱ्या ओर्नेलानं नेव्हियोला पाणी पाजलं. उद्या त्याला वृद्धाश्रमात सोडायचं होतं. तिनं ग्लास दगडावर आपटला, तशी पोलिसानं शिट्टी फुंकली.

"या वयात कुणासाठी हो बाई?" नेव्हियोनं हसत तिला विचारलं.

"माझ्या नवऱ्यासाठी. उद्या चाललाय."

"मग रडताय कशाला? येईल की! मी सैन्यात निघालो तेव्हा माझ्या ओर्नेलानंही असाच फोडला होता. बघा, आलो की नाही परत?"