दोन मिनिटं सावकाश

मैदानाच्या फाटकाशी इंदूअक्कांच्या मनगटावरचा पट्टा हिरव्याऐवजी पिवळा झाला. कराडात आता ज्याच्या त्याच्या शरीराला मानवेल तोच व्यायाम मिळायचा, आणि सहा आठवडे जोरात पळूनही अक्कांचा दम तसूभर वाढला नव्हता.

"तुम्ही कष्टाला कमी पडला नाहीत," प्रशिक्षक फरासबाई म्हणाल्या. "काहींच्या अंगाला हे पळणं लागतच नाही. आजपासून बाहेरच्या पट्टीवर नुसतं चाला."

"अंगाला लागायला तो काय तूपभात आहे?" अक्का पुटपुटल्या.

त्यांची धाकटी जाऊ रजनी हिचा पट्टा मात्र हिरवाच होता. तिच्या अंगाला पळणं चांगलंच लागलं होतं. पण चुली वेगळ्या झाल्यापासून सकाळचा हा अर्धा तासच काय तो दोघींचा होता.

ती आतल्या पट्टीवर एकटीच एक मिनिट जीव तोडून पळाली. मग पट्टा म्हणाला, "आता दोन मिनिटं सावकाश." तशी ती सरळ बाहेर येऊन अक्कांच्या शेजारी चालू लागली. सावकाश कुठे चालायचं, ते नियमात नव्हतं.

इतके दिवस दोघी शेजारी नुसत्या धापा टाकत होत्या. आज अक्कांना बोलायला दम होता.

"आपल्या सासूबाई एकदा चोरून तमाशाला गेलेल्या. पुढच्या रांगेत बघतात तर कोण बसलेलं?"

रजनीचा पट्टा वाजला. "कोण?"

"आधी पळून ये."

त्या मिनिटाचा वेग पाहून फरासबाईंनी रजनीचा पट्टा काढून तपासायला घेतला.