येऊ का?

सेनगावातूनच पुण्याच्या ऑफिसचं काम करायचं म्हणून मी दोन स्पीकरफोन मागवले. एक ठेवून दुसरा परत करायचा होता. पहिल्यात माझ्यापेक्षा शेजारच्या शेळ्याच जास्त ऐकू जायच्या. दुसऱ्याला भोवती हिरव्या दिव्यांचं कडं होतं. जो बोलेल त्याच्या बाजूचा दिवा लागायचा.

माझ्या खोलीची खिडकी सोयाबीनच्या पोत्यांनी बुजलेली. दाराला आतून कडी घातली आणि या दुसऱ्यावरून पुण्याला बहिणीला, दिपालीला, फोन जोडला.

"आवाज येऊन राहिला का?"

"व्हय दादा, बराबर येऊन राहिला."

मी गप्प झालो, तसा माझ्या बाजूचा दिवा विझून दाराकडचा लागला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"दादा, दारातून कुणीतरी 'येऊ का' म्हणून राहिलं."

आमच्याकडं कोण आलंय हे विचारायच्या आधी तोंडातून 'या' निघतं. तसंच निघालं.

"या, या."

कडी हलली नाही. कड्यावरचा दिवा मात्र दाराकडून पोत्यांच्या बाजूनं सरकत आला आणि माझ्यासमोर थांबला. माझं तोंड मिटलेलं होतं.

"हाच ठेव, दादा," दिपाली म्हणाली. "आता तर लई साफ येऊन राहिला तुझा आवाज."

मी घाबरून तिला जोरात हाक मारली. दिवा दाराकडे वळला.

"काहून रे, बाहेर पुन्हा कोण ओरडून राहिलं?"

"ओरडू दे," माझ्या खुर्चीतून माझ्याच आवाजात उत्तर गेलं. "आतून कडी घातलीय मी."