गुणाचं औषध

डॉक्टरांनी जिजाच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी सोडवली, वरची पापणी बोटानं उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "नळी छान बसलीय. साचलेलं पाणी निघतंय. दाबही उतरलाय."

द्वारकाबाईनं हात जोडले. दोऱ्याएवढी नळी पोरीच्या डोळ्यात कायमची राहणार हे नर्सकडून ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"मंग आता दिसंल ना हिला, सायब? पयल्यासारखं?"

"मावशी, गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. उजवा डोळा पूर्ण गेलाय. डाव्यानं समोरचं जेवढं दिसतं, तेवढं टिकावं म्हणून ही नळी. आणि टिकेलच, असंही सांगता येत नाही."

आधी सांगितलं होतं ते सांडूला, जिजाच्या बापाला. तो कपाशी वेचायची म्हणून कालच अजिंठ्याच्या गाडीनं गावी गेला होता. डोळ्यातलं पाणी काढलं की झालं, एवढंच त्यानं बायकोच्या कानावर घातलं होतं.

जिजा स्टुलावर ताठ बसली होती. यंदा बारावी झालेली पोर. आई उजव्या अंगाला उभी होती, तिकडचं तिला काहीच दिसत नव्हतं.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "डोळा अजिबात चोळायचा नाही. चोळला तर नळी उघडी पडेल. खाज येते का हिला?"

"लई यायची, बारकी व्हती तवापास्नं. ऊन तापलं की डोळे लालबुंद. पण त्याचा घोर तुमी नका करू." द्वारकाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि एक इवलीशी बाटली काढून टेबलावर ठेवली. "ह्ये टाकते मी. गुणाचं औषध हाय. थेंब पडला की खाज बंद. गावातल्या मेडिकलवाल्यानं एकदा दिलं, तवापास्नं खंड नाय पडू दिला. एक संपायच्या आत दुसरी आणून ठिवते."

डॉक्टरांनी बाटली डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"कधीपासून टाकताय?"

"ही चौथीत व्हती."

"कुण्या डॉक्टरला दाखवलं नाही?"

"गुण येत व्हता ना, सायब."

"हिचे वडील तर म्हणाले, कसलंच औषध चालू नव्हतं."

"त्यान्ला काय म्हाईत? थेंब मीच टाकायची."

डॉक्टरांनी बाटली परत टेबलावर ठेवली. मग त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. ह्या औषधानं खाज थांबते, ते खरं. पण वर्षानुवर्षं टाकत राहिलं तर डोळ्यात दाब चढतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. त्या दाबानं डोळ्यामागची नस सुकत जाते.

"हिची नजर त्यानंच गेली, मावशी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. द्वारकाबाई बाटलीकडं बघत राहिली. मग तिनं जिजाकडं पाहिलं. जिजानं मान वळवली नाही.

बाहेर बाकड्यावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. लहानपणी थेंब झोंबतात म्हणून जिजा पळून जायची. द्वारकाबाई तिला धरून आणायची, दोन्ही गुडघ्यांत दाबायची, डावा हात कपाळावर ठेवून डोळा उघडायची. पोर किंचाळायची. शेजारची सरूबाई म्हणायची, आई असावी तर अशी.

"जिजे..." द्वारकाबाई म्हणाली.

नर्स नवी बाटली घेऊन आली. "आत्ता एक थेंब टाका, मग संध्याकाळी. बाटलीचं तोंड डोळ्याला लावू नका." तिनं बाटली आईच्याच हातात दिली.

"ताई, ह्यात तसलं काय नाय ना?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय. सांगतील तितकेच दिवस टाकायचं."

"तुमीच टाका ना."

"घरी कोण टाकणार मग?" म्हणत नर्स पुढच्या पेशंटकडं गेली.

द्वारकाबाईनं झाकण काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं; झाकणाचा टकटक आवाज होत राहिला. जिजानं आवाजाच्या रोखानं हात पुढं केला, चाचपडत बाटली काढून घेतली.

"दे. मी टाकते माझी."

तिनं मान मागं टाकली आणि बाटली दाबली. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर पडून गळ्यापर्यंत ओघळला. द्वारकाबाईचा हात वर उठला आणि तसाच राहिला. जिजाच्या डोळ्यातून आधीच पाणी वाहत होतं, त्यात थेंब कुठला ते तिचं तिलाच कळेना.

"पडला का आत?"

"नाय."

जिजानं पुन्हा मान मागं टाकली.