कार्डाची मागची बाजू

"अहो मालक, मागं कुणीतरी गिरगटून ठेवलंय की," तेरुओ निशिवाकी म्हणाला, आणि त्याने नाक मुरडलं.

मिझोबुची दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुठं?"

"हे काय. पेन्सिलीनं."

कार्ड पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं, वेफर्सच्या पाकिटाबरोबर फुकट मिळायचं तसलं. वर कुरोकावाचा फोटो. एका बेसबॉल संघाचा हा राखीव कॅचर तेव्हा दर दुसऱ्या पाकिटातून निघायचा आणि पोरांच्या शिव्या खायचा. पण गेल्या वर्षी म्हातारपणी तोच कुरोकावा प्रशिक्षक म्हणून संघाला अजिंक्यपद मिळवून देऊन बसला आणि त्याच्या कार्डांना सोन्याचे दिवस आले. मिझोबुचीच्या दुकानात पूर्वी पोरं फरशीवर फतकल मारून कार्डांची अदलाबदल करत. आता तिथे कुलूपबंद काचेची कपाटं होती, आणि गल्ल्यापाशी चिमटे, ब्रश, मऊ फडकी. कार्डांची निगा हल्ली बाळंतिणीच्या बाळासारखी राखतात. भाव ठरतो तो समोरच्या चकाकीवर आणि कोपऱ्यांवर. पाठ कोण बघतो!

तेरुओ मात्र इतकी वर्षं फक्त पाठीच बघत आला होता. क्योटो, कोबे, नारा, जिथे जुनी कार्डं विकायला यायची तिथे तो जायचा, कुरोकावा दिसला की उलटा करायचा आणि परत ठेवायचा. आज ओसाकात, घरापासून चार स्टेशनांवर, त्याने कार्ड उलटलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तेरु दादाचं आहे. कुणी घ्यायचं नाही.' त्यातलं एक अक्षर उलटं होतं.

ते अक्षर शिगेकी नेहमी उलटंच काढायचा. हा त्याचा धाकटा भाऊ. त्या वसंतात नुकता शाळेत जायला लागला होता. स्वतःच्या एकुलत्या एका पाकिटातून निघालेलं कार्ड त्याने मोठ्या ऐटीत दादाला दिलं होतं. तेरुओकडे कुरोकावांचा ढीग होता, म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. तेव्हा शिगेकी पेन्सिल घेऊन बसला. "आता हे बाकीच्यांसारखं नाही," म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात तापाने पोर गेलं. आईला त्याची वस्तू डोळ्यांसमोर सोसवेना. देवळाच्या बाजारात तिने दोघांचे कार्डांचे डबे, वह्या, सगळं देऊन टाकलं. शिगेकीचा एक फोटो तेवढा घरात राहिला. त्याच्या हातचं अक्षर कुठेच उरलं नव्हतं.

पण हे दुकानदाराला सांगायचं कसं? ओसाकात सांगितल्या भावाने वस्तू घेणारा एक तर टोकियोचा असतो, नाही तर बावळट. आणि वस्तू मनात भरली असं दाखवलंत, की संपलंच. क्योटोत एका जुन्या अल्बमवर तेरुओ नुसता हळहळला, तर दुकानदाराने डोळ्यांदेखत किमतीची चिठ्ठी बदलली होती. म्हणून त्याने चेहरा आणखी आंबट केला.

"असला माल कपाटात ठेवता? कुणाच्या कारट्यानं घाण करून ठेवलीय," तो म्हणाला.

मिझोबुची खजील झाला. "एका घराची आवराआवर झाली, तिथनं ठोक आणलीत हो. माझ्या नजरेतनंच सुटलं. बरं, थोडे कमी द्या."

"थोडे? लिहिलेलं कार्ड कुणी फुकट तरी नेईल का? मी आपला नेतोय, कारण कुरोकावावर माझा जीव."

"तुम्ही म्हणजे अगदी चामडी सोलता बघा," मिझोबुची हसला. "चला, तीस हजार येनांचं वीस. खूश?"

तेरुओने मुद्दाम सुस्कारा सोडला. "खूश कसला! पण असू दे."

खिशात पुरेसे पैसे नव्हते आणि दुकानात रोखीशिवाय व्यवहार नव्हता. होते तेवढे इसार म्हणून ठेवून तो पोस्टातल्या मशिनीकडे निघाला. दारातच चाकांची बॅग ओढत आलेला एक तरुण त्याच्या अंगावर आदळला. डोळे मोबाइलवर, तोंडाने भाव पुटपुटणं चाललेलं. "कुरोकावा आहेत का? असतील तेवढे सगळे द्या," असं त्याने आत शिरता शिरताच विचारलं.

तेरुओ थबकला. परत फिरावं तर पैसे नाहीत. तो पन्नाशी विसरून पळाला. पोस्टात एक आजी मशिनीपुढे पिशवी उघडून निवांत उभ्या होत्या. त्यांना मध्येच बाजूला सारावं असं त्याच्या मनात आलं, आणि लाज वाटली.

तो धापा टाकत परतला तेव्हा तरुण गल्ल्यापाशीच होता. त्याच्या हातात कुरोकावा होता.

"ते माझं आहे!" तेरुओ ओरडला. सगळं सोंग गळून पडलं.

"अहो, दमानं घ्या," मिझोबुची म्हणाला. "हे दुसरं. तुमच्या कार्डाचे हा दुप्पट देत होता, पण मी म्हटलं, बाबा रे, शब्द दिलाय. गिऱ्हाईक मोठं की शब्द?"

तरुण कुरकुरत बाहेर पडला. तेरुओला त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले. त्याने पैसे पुढे ठेवले. आता सांगायला हरकत नाही, असं त्याने ठरवलं. शिगेकीबद्दल आजवर तो कुणाशी बोललाच नव्हता.

"मालक, खरं सांगू का—"

"आधी माझं ऐका." मिझोबुचीने गल्ल्यावरचा चुरा फुंकरीने उडवला आणि टणक प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं कार्ड दोन्ही हातांनी, वाकून पुढे केलं. "तुमचं बोलणं मनाला लागलं माझ्या. एवढी वर्षं बसलोय इथं, डागी माल कुणाच्या हातात दिला नाही. म्हटलं, गिऱ्हाईक यायच्या आत मऊ खोडरबर फिरवू. वेळ लागला, पण बघा उलटून, कुणी कधी काही लिहिलं होतं असं वाटतंय का!"