मुठीएवढी गाठ

नागूच्या ओटीपोटात उजवीकडे मुठीएवढी गाठ होती. ती दुखतही नव्हती, वाढतही नव्हती. रसायनीच्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती, फक्त कडावच्या नव्या डॉक्टरांचा दाखला हवा होता. खरे सांगितले तर नोकरी हुकेल या भीतीने तो गप्प होता. “ही काढावी लागेल,” त्याचे पोट चाचपून डॉक्टर म्हणाले. “खबरदार!” दारातून त्याची आई गोदूबाई कडाडली. “ती माझी हाय.” “तुमची?” “याच्या दोनी किडन्या सुकल्या व्हत्या. राबातलं भाताचं रोप उपटून खाचरात लावतो ना, तशी मुंबईच्या डागतरांनी माझी काढून याला लावली. चार पावसाळं झालं, चांगली धरलीय!” तिने पदर सारून कमरेवरचा लांब व्रण दाखवला. डॉक्टरांनी तो निरखला, नागूचा रक्तदाब मोजला, लघवी तपासली आणि दाखल्यावर लिहिले: ‘गाठ नव्हे. आईचे मूत्रपिंड; चार वर्षे उत्तम चालू. कामास योग्य.’