तिसरा बाण

वेबसाइट घडवणाऱ्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही दोघी बहिणीच. ताईच्या शेजारची जागा जन्मापासून माझी. एकाच पानावर दोघी काम करतो, म्हणून स्क्रीनवर माउसचे दोन बाण फिरतात. सोमवारपासून तिसराही फिरतोय, बिननावाचा.

माझं एखादं बटण तो हळूच सरकवतो, आणि पान खरंच गोजिरं दिसायला लागतं.

“ताई, पासवर्ड बदलू या?”

“राहू दे गं. तुझ्यापेक्षा बरी नजर आहे त्याची,” ताई हसली. मला ते लागलं.

आज आमच्याच ऑफिसचं पान उघडलं होतं. तो बाण आमच्या फोटोंपाशी आला. त्याने माझा फोटो कडेला नेला आणि मधे एका माणसापुरती जागा केली.

“जरा सरक ना,” ताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, “त्याला बसायला जागा नको?”