तिला साल सोसत नाही

“बाबा, मी एक खाऊन बघू?”

प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या वर्गातल्या चिवचिवने पैज लावली होती. “सगळ्या वर्गासमोर विचारायचं. नाही विचारलंस तर भित्री भागूबाई!” आता भित्री भागूबाई कोण म्हणवून घेणार? तिने विचारलं. मोठ्याने, कमरेवर हात ठेवून.

कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर खाऱ्या सालांची ताटं मांडली होती. बटाट्याची सालं, मीठमसाला लावून भाजलेली, भट्टीतून नुकती निघालेली. अख्खा वर्ग त्यांच्यावर तुटून पडला होता. शाळेत मधल्या सुट्टीत रोज हीच पाकिटं वाटली जात, कारखान्याकडून भेट म्हणून. सगळ्या खात. ती सोडून. तिला सालाची ॲलर्जी होती. घसा सुजतो म्हणे. गेल्या वर्षी बाबांनी स्वतः शाळेत येऊन बाईंना सांगितलं होतं, “तिला साल सोसत नाही.” तेव्हापासून वर्गात तिचं नाव ‘नाजूक फूल’. शीऽऽ!

बाबा सालखात्याचे मुकादम. आज वर्गाला कारखाना तेच दाखवत होते, आणि तिची मान वीतभर उंच झाली होती.

“आमच्याकडे वाया काहीच जात नाही,” सरकत्या पट्ट्याशी उभे राहून त्यांनी सांगितलं होतं. “चांगलं साल डावीकडे, भट्टीत. हिरवं, कोंब आलेलं साल उजवीकडे, खळीच्या खोलीत. हिरवं साल विषारी. पोटात गेलं की कळा येतात. पण खळ अशी होते की खोकं फाटेल, चिकटवलेलं सुटणार नाही.”

“काका, खळ कशी करतात ते दाखवा ना!”

“आज नाही. साफसफाई चाललीय तिकडे.”

“माझ्या पोटातच दाखवा मग. तिथे रोज कळा असतात!” चिवचिव म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. चिवचिवचं पोट हा वर्गाचा जुना विनोद होता. गणिताची चाचणी आली की दुखायचं. हल्ली चाचणी नसली तरी दुखायचं. बाईसुद्धा म्हणायच्या, “नाटकी आहे नुसती.”

बाबा मात्र तेव्हाही हसले नव्हते. आणि आता, तिने साल तोंडाजवळ नेलं मात्र, त्यांनी झडप घालून ते हिसकावलं. इतक्या जोरात की तिच्या बोटाला नख लागलं.

“सांगितलंय ना! तिला सोसत नाही!”

बाबांचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा पडला होता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर रडायचं नाही म्हणून ती तरातरा निघाली आणि समोर दिसलं ते दार ढकलून आत शिरली.

ती खळीची खोली होती. साफसफाई? तिथे चिटपाखरू नव्हतं. न्हाणीघराएवढी कढई, आणि तळाशी बोटभर धूळ. कढईच्या काठापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. पट्ट्यावरून हिरवी सालं जिथून आत पडायची, त्या तोंडावर आडवी फळी ठोकली होती. फळीचे खिळेसुद्धा गंजले होते. कोपऱ्यात विकतच्या गोंदाचे डबे.

मग हिरवी सालं जातात कुठे?

ती पट्ट्याशी परत आली आणि बघत राहिली. एक हिरवं साल आलं. कुणीच उचललं नाही. ते डावीकडे वळलं. मागून आणखी एक, कोंबासकट. तेही डावीकडे.

टेबलापाशी चिवचिव दुसरी मूठ तोंडात टाकत होती. तिने धावत जाऊन चिवचिवच्या हातावर फटका मारला. सालं उधळली.

“अगं, वेड लागलं का तुला?”

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

संध्याकाळी कारखान्याच्या चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आई वाढत होती. कुणी जेवत नव्हतं.

“खळीची खोली कधी बंद झाली, बाबा?”

“हळू बोल,” आई म्हणाली. “भिंती पातळ आहेत.”

“मागणी वाढली,” बाबा ताटाकडे बघत म्हणाले. “चांगली सालं पुरेनात. साहेब म्हणाले, थोडं हिरवं गेलं तर काय आभाळ कोसळतंय? एकदा बोलून पाहिलं मी. दुसऱ्यांदा बोललो असतो तर नोकरीही गेली असती आणि हे घरही.”

“कधी, बाबा?”

“गेल्या वर्षी.”

गेल्या वर्षी. तिचा घसा सुजतो म्हणून बाबा शाळेत आले, तेही गेल्या वर्षीच. घसा सुजलेला तिला तर एकदाही आठवत नव्हता.

“मला ॲलर्जी नाहीच आहे ना?”

आईचा डाव पातेल्यातच थांबला.

“तू एकुलती एक आहेस गं आमची,” बाबा कसेबसे म्हणाले.

“चिवचिवपण एकुलती एक आहे.”

बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या, दूर गेल्या. ती उठली. कारखान्याने आज प्रत्येकीला दिलेलं पाकीट तिने दप्तरातून काढलं आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“उद्या शाळेत या, बाबा. माझ्यासाठी आला होतात ना, तसेच. या वेळी सगळ्यांसाठी.”

“आणि नाही आलो तर?”

“तर मधल्या सुट्टीत पहिलं पाकीट मी फोडणार. चिवचिवच्या शेजारी बसून. आई, तूही ऐक, ठरलंय माझं. उद्यापासून मला साल सोसतं.”